भवभूति

भवभूति : (सु. सातव्या शतकाची अखेर ते आठव्या शतकाचा पूर्वार्ध). श्रेष्ठ संस्कृत नाटककार व कवी. महावीरचरित, मालतीमाधव आणि उत्तररामचरित ही त्याची तीन नाटके उपलब्ध आहेत. संस्कृत नाट्यपरंपरेत कालिदासानंतर त्याचेच नाव घेण्याची प्रथा असून करुणरसाच्या परिपोषात तो कालिदासालाही मागे टाकतो, असे मानणाऱ्या रसिकांची परंपरा जुनी आहे. भवभूति हा विदर्भाचा पुत्र होय. त्याने आपले मूळ गाव म्हणून उल्लेखिलेले पद्मपुर हे गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पद्मपूर असावे, असे वा. वि. मिराशी यांनी कोरीव लेखांच्या आधारे दाखविले व ते मत आज बहुतेक अभ्यासकांस मान्य आहे.

कवीने दिलेला आत्मपरिचय : प्राचीन संस्कृत कवी स्वतःविषयी सहसा मौन बाळगतात. कालिदासाचे जन्मस्थान, कुल वा काल यांविषयी त्याच्या ग्रंथांत एकही स्पष्ट विधान नाही व त्यामुळे अनेक प्रांतांनी त्याच्यावर हक्क सांगितला आहे. भवभूति याला अपवाद आहे. आपल्या नाटकांच्या प्रस्तावनांत त्याने सूत्रधाराच्या मुखाने स्वतःची माहिती दिलेली असून तीत सर्वांत विस्तृत माहिती महावीरचरिताच्या प्रस्तावनेत येते. तीनुसार दक्षिणापथात पद्मपुर नावाचे नगर होते. मालतीमाधवाच्या काही हस्तलिखितांत हे नगर विदर्भात असल्याचा स्पष्ट निर्देश आहे. तेथे कृष्णयजुर्वेदाच्या तैत्तिरीय शाखेचे, काश्यप गोत्राचे, उदुंबर उपनामाचे, अग्निहोत्र पाळणारे व सोमयाग करणारे ब्राह्मण राहत. या कुळात महाकवी नावाचा पुरुष होऊन गेला. त्याने वाजपेय यज्ञ केला होता. त्याच्यापासून पाचवा वंशज भवभूति होय. त्याच्या आजोबांचे नाव भट्टगोपाल, वडिलांचे नीलकंठ व आईचे जातुकर्णी असे होते. ज्ञाननिधी हे त्याचे गुरू. व्याकरण, मीमांसा व न्याय या तिन्ही शास्त्रांत आपण निपुण असल्याचे तो सांगतो आणि वेद, उपनिषदे, सांख्य व योग यांचाही आपला अभ्यास असल्याचे सुचवितो. या विधानांची साक्ष त्याच्या नाटकांतून पानोपानी मिळते.

त्याचे पाळण्यातील नाव श्रीकंठ असावे, असे प्रस्तावनेतील एका विशेषणावरून अनुमान केले जाते. शंकर-पार्वतीच्या स्तुतिपर एका श्लोकात त्याने ‘भवभूति’ हा शब्द योजिला व तो राजाला किंवा रसिकांना इतका आवडला, की पुढे तेच त्याचे नाव झाले, अशी टीकाकारांनी सांगितलेली कथा आहे. नटांशी आपला निसर्गतःच स्नेह आहे, हा प्रस्तावनेतील उल्लेखही लक्षणीय आहे. श्रोत्रिय कुळात जन्मलेल्या, यज्ञयागाच्या वातावरणात वाढलेल्या या पंडिताने नटवर्गाशी मैत्री जोडली व ती उघडपणे सांगितली, ही त्या काळच्या सामाजिक चौकटीत सामान्य गोष्ट नव्हे.

काल : भवभूतीचा काल बऱ्याच निश्चितीने ठरविता येतो. सातव्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेलेल्या बाणभट्टाने हर्षचरिताच्या आरंभी आपल्या पूर्वीच्या नामवंत कवींचा गौरव केला आहे. त्यांत भवभूतीचे नाव नाही. उलट इ. स. ८०० च्या सुमारास होऊन गेलेल्या वामनाने आपल्या काव्यालंकारसूत्रवृत्तीत भवभूतीचे श्लोक उदाहरणादाखल घेतले आहेत. या दोन मर्यादांच्या दरम्यानचा नेमका काळ कल्हणाच्या राजतरंगिणीवरून कळतो. बाराव्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या या काश्मीरच्या इतिहासात कनौजचा राजा यशोवर्मा याच्या पदरी वाक्पतिराज, भवभूति इ. कवी होते व काश्मीरचा राजा ललितादित्य मुक्तापीड याने यशोवर्म्याचा पराभव केला, असे म्हटले आहे. यशोवर्म्याने इ. स. ७३१ मध्ये चीनच्या दरबारी वकिलात पाठविल्याची नोंद चिनी साधनांत आहे. वाक्पतिराजाने आपल्या गउडवहो या प्राकृत महाकाव्यात आपल्या काव्यगुणांचे श्रेय कृतज्ञतेने भवभूतीला दिले आहे. त्यावरून भवभूति हा वाक्पतिराजाहून वयाने ज्येष्ठ असावा, असे दिसते. हे काव्य शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादून १८८७ मध्ये प्रसिद्ध केले व त्यामुळे भवभूतीच्या कालनिर्णयाला भक्कम आधार मिळाला.

भवभूतीच्या तिन्ही नाटकांत मात्र यशोवर्म्याचे नाव नाही. ती राजदरबारात नव्हे, तर कालप्रियनाथ या देवाच्या यात्रेत जमलेल्या लोकांपुढे झाली, असे प्रस्तावनांवरून कळते. कालप्रियनाथ म्हणजे उज्जयिनीचा महाकाल, असे पूर्वी मानीत. परंतु राष्ट्रकूट राजा गोविंद (चौथा) याच्या खंबायत ताम्रपटात, इंद्र (तिसरा) याच्या सैन्याने कालप्रियाच्या मंदिराचे प्रांगण तुडवून व नंतर यमुना ओलांडून कनौज जिंकल्याचे वर्णन आहे. त्यावरून कालप्रिय हे यमुनाकाठचे काल्पी होय, असे मिराशी यांनी प्रतिपादिले. हे स्थळ कनौजच्या वाटेवरचे आहे. विदर्भातून निघालेला हा कवी उत्तरेकडे गेला, यात्रेकरूंपुढे आपली नाटके करवून घेत राहिला व राजाश्रय त्याला उशिरा लाभला, असा त्याच्या आयुष्याचा क्रम या सर्व पुराव्यांवरून दिसतो. मालतीमाधवाच्या प्रस्तावनेत आपली अवहेलना करणाऱ्यांना त्याने दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. काल अनंत आहे व पृथ्वी विस्तीर्ण आहे, तेव्हा आपल्या कृतीचे मर्म जाणणारा समानधर्मी कधीतरी, कोठेतरी जन्माला येईल, असा विश्वास तो तेथे व्यक्त करतो. हा केवळ अहंकार नसून, हयातीत उपेक्षा वाट्याला आलेल्या लेखकाचे ते मनोगत आहे.

भवभूति हा मीमांसक कुमारिलभट्टाचा शिष्य उंबेक होय काय, हा एक वादाचा प्रश्न आहे. मालतीमाधवाच्या एका हस्तलिखिताच्या काही अंकांच्या समाप्तिवाक्यांत तसा निर्देश आढळतो व उत्तरकालीन वेदान्तग्रंथांच्या टीकेतही उंबेक व भवभूति हे एकच असल्याचे म्हटले आहे. तथापि भवभूतीने स्वतः ज्ञाननिधी हेच गुरूचे नाव दिले असल्याने सर्व विद्वानांस हे मत मान्य नाही. भोजप्रबंधासारख्या ग्रंथांत कालिदास व भवभूति यांना धारच्या भोजराजाच्या सभेत एकत्र आणले असून, कालिदासाने उत्तररामचरिताच्या एका श्लोकातील एकच अनुस्वार काढावयास सुचविला, अशी आख्यायिका सांगितली जाते. या तिघांच्या काळांत शतकांचे अंतर असल्याने तिला ऐतिहासिक मूल्य नाही. मात्र भवभूतीला कालिदासाच्या तोलाचा मानण्याची परंपरा त्यातून दिसून येते.

पद्मपुराचा शोध : कवीने गावाचे नाव सांगूनही ते कोठे, हे शोधण्यास आधुनिक संशोधकांना बराच काळ लागला. मालतीमाधवाचे कथानक पद्मावती नगरीत घडते. या नामसाम्यामुळे पद्मपुर म्हणजेच पद्मावती, असा तर्क काहींनी केला. पण भवभूतीने त्या नाटकाच्या नवव्या अंकात पद्मावतीभोवतीच्या सिंधू, पारा, लवणा व मधुमती या नद्यांचे वर्णन केले आहे. त्यावरून ही नगरी म्हणजे ग्वाल्हेर भागातील, सिंध व पार्वती या नद्यांच्या संगमाजवळचे पवाया हे गाव, असे ठरले. तेथील उत्खननाचे काम मो. ब. गर्दे यांनी केले. पवाया दक्षिणापथात येत नाही, तेव्हा कवीचे गाव दुसरीकडे शोधणे भाग होते. दुसरे काही विद्वान ते चांद्याच्या (चंद्रपूरच्या) बाजूस असावे, असे मानीत.

या प्रश्नाला निर्णायक वळण एका वाकाटक ताम्रपटाने दिले. जुन्या द्रुग (दुर्ग) जिल्ह्यातील मोहल्ला येथे सापडलेला हा ताम्रपट अपुरा असून तो देणाऱ्या राजाचे नाव त्यात आलेले नाही. मात्र तो पद्मपुराहून दिला गेल्याचे आरंभीच नमूद केले आहे. मोहल्ला हे स्थळ आता छत्तीसगढ राज्याच्या मोहला-मानपूर-अंबागढ चौकी जिल्ह्यात मोडते. तेथून वायव्येकडे, जुन्या भंडारा जिल्ह्यातील आमगावजवळ, पद्मपूर नावाचे गाव आजही आहे व त्याच्या परिसरात प्राचीन अवशेष आढळतात. हे सर्व लक्षात घेऊन मिराशी यांनी १९३५ मध्ये भवभूतीच्या जन्मस्थानावर इंग्रजीत निबंध लिहून ताम्रपटातील व प्रस्तावनेतील पद्मपुर एकच होय व ते हेच गाव होय, असे मत मांडले. वाकाटकांच्या कोरीव लेखांचा त्यांनी संपादिलेला संग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या ताम्रपटाचाही समावेश आहे. भवभूतीवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला व त्याचा इंग्रजी अवतार १९७४ मध्ये निघाला.

वाकाटकांच्या इतिहासातही या अनुमानाला जागा आहे. वाकाटकांच्या ज्येष्ठ शाखेची राजधानी आधी रामटेकजवळ नंदिवर्धन व नंतर प्रवरपुर येथे होती. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात नल राजा भवदत्तवर्मा याने नंदिवर्धन घेतले, हे ऋद्धपूरच्या ताम्रपटावरून कळते. दुसऱ्या पृथिवीषेणाने आपल्या वंशाची बुडालेली संपदा दोनदा सावरल्याचे बालाघाट ताम्रपट सांगतो. या संकटकाळात राजधानी पूर्वेकडे पद्मपुरास हलविण्यात आली असावी, असे मिराशी यांचे मत आहे. राजधानीच्या नगरात वेदविद्येला आश्रय मिळतो व अग्रहार मिळालेली श्रोत्रिय कुळे तेथे स्थायिक होतात. वाजपेय करणाऱ्या उदुंबर कुळाचे पद्मपुरातील वास्तव्य या पार्श्वभूमीवर सहज समजते. वाकाटकांची सत्ता भवभूतीच्या जन्मापूर्वी दोन शतके लयाला गेली होती. परंतु तिने रुजविलेली विद्येची परंपरा या आडवळणाच्या भागात टिकून राहिली, याचा पुरावा म्हणजे स्वतः भवभूति होय.

आज हे पद्मपूर गोंदिया जिल्ह्याच्या आमगाव तालुक्यात मोडते. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन करून निर्माण करण्यात आला. आमगाव हे गोंदियाच्या पूर्वेस सु. २५ किमी. वर नागपूर-हावडा लोहमार्गावरील स्थानक असून तेथील महाविद्यालयाला भवभूतीचेच नाव देण्यात आले आहे. भाताची शेती, तळी व बांबूची जंगले हे या भागाचे वैशिष्ट्य होय. उत्तररामचरिताच्या दुसऱ्या अंकातील दंडकारण्याच्या वर्णनात बांबूची दाट बेटे, त्यांत घुमणारी घुबडे, गुहांतील अस्वले व वनातील गूढ शांतता येते, ती कवीने बालपणी पाहिलेल्या अरण्याची आठवण असावी, असे वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. मात्र संस्कृत काव्यातील वनवर्णनाला दीर्घ परंपरा असल्याने असे साम्य स्थलनिर्णयाचा पुरावा ठरत नाही. तो निर्णय ताम्रपटावर व कवीच्या स्वतःच्या शब्दांवर आधारलेला आहे.

महावीरचरित : हे सात अंकी नाटक बहुधा भवभूतीची पहिली कृती असावी. रामाच्या विवाहापासून राज्याभिषेकापर्यंतची कथा त्यात आली आहे. रामायणातील विखुरलेल्या प्रसंगांना नाट्याची एकसूत्रता देण्यासाठी भवभूतीने रावणाचा अमात्य माल्यवान याला राजकारणी सूत्रचालक केले. रावणाची सीतेविषयीची मागणी नाकारली गेल्यावर माल्यवान एकामागून एक डाव टाकतो. परशुरामाला तोच रामाविरुद्ध उठवितो. शूर्पणखा मंथरेच्या शरीरात शिरून वनवासाची मागणी पुढे करते व वालीही माल्यवानाच्या चिथावणीने रामावर चालून येतो. या रचनेमुळे कैकेयी दोषमुक्त होते व वालीचा वध झाडाआडून न होता समोरासमोरच्या युद्धात होतो. परंपरेने आलेल्या कथेतील जे प्रसंग नीतीच्या दृष्टीने बोचतात, तेथे बदल करण्याची भवभूतीची वृत्ती येथे प्रथम दिसते. नाटक म्हणून मात्र ही कृती सैल आहे. संवाद लांबतात, वर्णने कृतीची जागा घेतात. पाचव्या अंकाच्या मध्यापर्यंतचाच भाग भवभूतीचा असून पुढील भागाचे दोन निरनिराळे पाठ मिळतात. ते सुब्रह्मण्य व विनायक या कवींनी पूर्ण केल्याचे सांगितले जाते.

मालतीमाधव : हे दहा अंकी ‘प्रकरण’ असून त्याचे कथानक कल्पित आहे. विदर्भाच्या राजाचा अमात्य देवरात व पद्मावतीच्या राजाचा अमात्य भूरिवसू हे एकेकाळचे सहाध्यायी. आपल्या अपत्यांचा विवाह लावण्याचे त्यांनी विद्यार्थिदशेतच ठरविलेले असते. देवराताचा मुलगा माधव कुंडिनपुराहून शिक्षणासाठी पद्मावतीला येतो. कुंडिनपुर हे अमरावती जिल्ह्यातील वर्धाकाठचे कौंडण्यपूर होय. भूरिवसूची मुलगी मालती व माधव परस्परांवर अनुरक्त होतात. परंतु राजाला मालती आपल्या मर्जीतील नंदनाला द्यावयाची असते. उघड विरोध करणे भूरिवसूला अशक्य असल्याने बौद्ध परिव्राजिका कामंदकी पडद्याआडून सूत्रे हलविते. माधवाचा मित्र मकरंद व नंदनाची बहीण मदयंतिका यांचे उपकथानक यात गुंफलेले असून, मकरंद मदयंतिकेला वाघाच्या तडाख्यातून सोडवितो.

पाचव्या अंकातील स्मशानाचे दृश्य संस्कृत नाट्यात अद्वितीय मानले जाते. मालतीला चामुंडेपुढे बळी देण्यास निघालेला कापालिक अघोरघंट व त्याची शिष्या कपालकुंडला यांच्या हातून माधव तिला सोडवितो. बीभत्स व भयानक रसांचा असा उत्कट आविष्कार अन्यत्र क्वचितच आढळतो. आठव्या शतकातील कापालिक पंथ, बौद्ध भिक्षुणींचे समाजातील स्थान व श्रीपर्वतावरील तांत्रिक साधना यांविषयीची माहिती या नाटकातून मिळत असल्याने इतिहासाच्या अभ्यासकांनाही ते मोलाचे वाटते. नवव्या अंकातील माधवाचा विलाप कालिदासाच्या विक्रमोर्वशीयाच्या चौथ्या अंकाची आठवण करून देतो. विदूषकाला या प्रकरणात स्थान नाही. भवभूतीच्या कोणत्याही नाटकात विदूषक नाही. त्याच्या प्रतिभेला विनोदाचे वावडे होते, असा आक्षेप त्यामुळे घेतला जातो व तो निराधार नाही.

उत्तररामचरित : हे सात अंकी नाटक भवभूतीची सर्वश्रेष्ठ कृती होय. रामराज्याभिषेकानंतर लोकापवादामुळे झालेला सीतेचा त्याग, हा त्याचा विषय. पहिल्या अंकात राम, सीता व लक्ष्मण आपल्याच पूर्वायुष्याची चित्रे पाहतात. भोगलेले दुःख चित्ररूपाने पुन्हा पाहून थकलेली सीता रामाच्या कुशीत विश्वासाने झोपी गेलेली असताना दुर्मुख लोकापवादाची वार्ता आणतो. विश्वास व विश्वासघात यांना इतके जवळ आणणारा दुसरा प्रसंग संस्कृत नाट्यात सापडणे कठीण आहे.

त्यानंतर बारा वर्षे लोटतात. दुसऱ्या अंकात शंबूकाच्या वधासाठी राम दंडकारण्यात येतो. हा प्रसंग भवभूतीने परंपरेतून घेतला. शूद्र तपस्व्यावर शस्त्र उचलताना राम आपल्याच हाताला निष्ठुर म्हणून बोल लावतो व मृत्यूनंतर शंबूकाला दिव्य रूप मिळते. तथापि त्या वधामागील वर्णव्यवस्थेचा न्याय कवीने तसाच ठेवला आहे. सीतेवरील अन्यायाविषयी जागरूक असलेल्या या कवीची दृष्टी येथे आपल्या काळाची मर्यादा ओलांडत नाही.

तिसरा अंक ‘छायांक’ म्हणून ख्यातनाम आहे. त्याचे स्थळ गोदावरीकाठची पंचवटी. गंगेच्या कृपेने अदृश्य झालेली सीता तमसा नदीच्या देवतेबरोबर तेथे येते. राम तिला पाहू शकत नाही, पण ती त्याचा शोक प्रत्यक्ष पाहते. वनदेवता वासंती रामाला त्याच्या कृत्याचा जाब कठोरपणे विचारते. रामाचे मूर्च्छित होणे व सीतेच्या अदृश्य स्पर्शाने पुन्हा सावध होणे, या साध्या योजनेतून दोघांच्या अंतःकरणांचा उलगडा होत जातो. करुण हाच एकमेव मूळ रस असून इतर रस ही त्याचीच रूपे, अशा आशयाचे भवभूतीचे प्रसिद्ध मत याच अंकात येते.

चौथ्या अंकात जनक, कौसल्या व अरुंधती वाल्मीकींच्या आश्रमात येतात. गुणी व्यक्ती पूज्य ठरते ती गुणांमुळे, स्त्री-पुरुष भेदामुळे वा वयामुळे नव्हे, असे सीतेला उद्देशून अरुंधतीने येथे काढलेले उद्गार मार्मिक आहेत. याच अंकात कोवळ्या वयाचा लव प्रथम दिसतो. पाचव्या व सहाव्या अंकांत अश्वमेधाच्या घोड्यावरून लव आणि लक्ष्मणपुत्र चंद्रकेतू यांचे युद्ध व पुढे राम आणि त्याचे पुत्र यांची भेट हे प्रसंग येतात. सातव्या अंकात वाल्मीकी नाटकातले नाटक रचून अप्सरांकरवी सीतात्यागानंतरचा वृत्तान्त रामासह सर्व प्रजेपुढे सादर करवितात. वाल्मीकिरामायणात सीता धरणीच्या उदरात कायमची जाते. भवभूतीने हा शेवट बदलला. सीतेला दोष देणारे पौरजनच येथे प्रेक्षक म्हणून बसविलेले असून त्यांच्यासमोर अरुंधती सीतेची निष्कलंकता जाहीर करते व मगच तिचे रामाशी पुनर्मीलन होते. संस्कृत नाटक सुखान्त असावे या संकेताचे पालन एवढाच या बदलाचा अर्थ नाही. ज्या लोकांच्या शब्दाने सीतेचा त्याग झाला, त्यांनीच मान लववून तिला वंदन करावे, ही भवभूतीची न्यायबुद्धी त्यामागे आहे.

शैली व मूल्यमापन : भवभूतीच्या भाषेवर त्याच्या पांडित्याची छाप आहे. गद्यातील दीर्घ समास, अनुप्रासयुक्त नादमय पदरचना व रौद्र किंवा भयानक प्रसंगांतील कठोर वर्णांची योजना यांमुळे त्याची शैली गौडी रीतीची म्हणून ओळखली जाते. परंतु भावनेच्या ऐन क्षणी हाच कवी अत्यंत साधी, असमस्त भाषा वापरतो व तेथे त्याचे सामर्थ्य विशेष जाणवते. कालिदास सूचकतेने जे सांगतो ते भवभूति स्पष्ट बोलून दाखवितो, असा दोघांतील भेद सांगण्यात येतो. क्षेमेंद्राने सुवृत्ततिलकात त्याच्या शिखरिणी वृत्ताची प्रशंसा केली आहे. निसर्गाच्या सुकुमार रूपापेक्षा त्याच्या उग्र व विराट रूपाकडे भवभूतीचा ओढा आहे. दांपत्यप्रेमाचे त्याचे चित्रण हे त्याचे खास वैशिष्ट्य होय. सुखदुःखांत एकरूप राहणारे, वार्धक्यानेही न ओसरणारे व काळाबरोबर परिपक्व होणारे प्रेम त्याने रंगविले. अंतःपुरातील प्रणयक्रीडांत रमणाऱ्या संस्कृत नाट्यात हा सूर वेगळा उठून दिसतो. नाट्यरचनेच्या दृष्टीने त्याच्या कृतींत गतीचा अभाव, पुनरुक्ती व वर्णनांचा अतिरेक हे दोष आहेत. त्यामुळे तो नाटककारापेक्षा कवी म्हणून मोठा आहे, असे अनेक समीक्षकांचे मत आहे.

प्रभाव व अभ्यासपरंपरा : भवभूतीला अपेक्षित असलेला समानधर्मी त्याला फार उशिरा मिळाला असे नाही. विदर्भाशीच संबंध असलेल्या यायावर कुळातील राजशेखराने दहाव्या शतकाच्या आरंभी, वाल्मीकी, भर्तृमेंठ व भवभूति यांच्या परंपरेतील आपण अवतार आहोत, असे अभिमानाने म्हटले. मुरारीचे अनर्घराघव, राजशेखराचे बालरामायण व जयदेवाचे प्रसन्नराघव या रामनाटकांवर त्याचा प्रभाव आहे. वीरराघव, जगद्धर, त्रिपुरारी इत्यादींनी त्याच्या नाटकांवर टीका लिहिल्या. तंजावरच्या मराठी राजवटीत अठराव्या शतकात होऊन गेलेल्या घनश्याम या पंडिताचीही उत्तररामचरितावर टीका आहे.

आधुनिक काळात होरेस हेमन विल्सन याने संस्कृत नाटकांच्या आपल्या इंग्रजी संग्रहात मालतीमाधव व उत्तररामचरित यांची भाषांतरे घातली (१८२७) आणि पाश्चात्त्य वाचकांना या कवीची ओळख झाली. ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी सीतार बनबास (१८६०) ही बंगाली गद्यकृती लिहिताना उत्तररामचरिताचा आधार घेतला. महाराष्ट्रात भवभूतीच्या अभ्यासाची मोठी परंपरा आहे. परशुरामपंत गोडबोले यांनी उत्तररामचरिताचे व कृष्णशास्त्री राजवाडे यांनी मालतीमाधवाचे मराठी रूपांतर केले. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या संस्कृत कविपंचकात भवभूतीवर विस्तृत निबंध असून मराठी सुशिक्षितांच्या मनात या कवीविषयी आदर रुजविण्यात त्याचा मोठा वाटा आहे. रा. गो. भांडारकर यांनी मालतीमाधवाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली (१८७६). श्री. कृ. बेलवलकर यांचे उत्तररामचरिताचे इंग्रजी भाषांतर हार्व्हर्डच्या ग्रंथमालेत निघाले (१९१५). पां. वा. काणे यांची त्याच नाटकाची आवृत्ती अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासिली.

पूर्व विदर्भाच्या सांस्कृतिक इतिहासात भवभूतीचे स्थान केवळ अभिमानापुरते नाही. वाकाटकांच्या अस्तानंतरच्या काळातील या भागाची माहिती देणारी साधने अल्प आहेत. अशा वेळी एका कवीने आपल्या पाच पिढ्यांची, शाखेची, यज्ञाची व विद्येची दिलेली नोंद हे सातव्या-आठव्या शतकांतील पद्मपुराविषयीचे एक महत्त्वाचे लिखित साधन ठरते. गावाचे नाव काव्यात राहिले, ताम्रपटात राहिले आणि लोकांच्या बोलण्यातही राहिले. या तिन्ही नोंदी एकत्र आणून विसाव्या शतकात भवभूतीच्या मूळ गावाची निश्चिती करण्यात आली.